पहारा नेमका कोणावर?

घराच्या सुरक्षिततेसाठी वेबकॅम बसविण्याची प्रथा शहरी मध्यमवर्गात आता चांगलीच रूढ झाली आहे. त्यामागे हालचाल टिपणारी संगणकप्रणाली असते. घरात काही हलले की ती चित्रण सुरू करते आणि कचेरीत बसलेल्या मालकाच्या फोनवर इशारा धाडते. चोरांना वचक बसावा, हा तिचा हेतू सांगितला जातो. परंतु मालक बाहेर असताना त्या घरात दररोज हलते कोण, हा प्रश्न सोयिस्करपणे टाळला जातो. केर काढणारी, भांडी घासणारी, मूल सांभाळणारी बाई हलते. चोर वर्षानुवर्षे येत नाही. इशारा मात्र रोज वाजतो, आणि तो तिच्या श्रमाचाच असतो.

यात दोष यंत्राचा नव्हे. लागोपाठच्या दोन चित्रांत किती बिंदू बदलले, एवढेच ते मोजते. लिनक्सवर चालणाऱ्या ‘मोशन’ या मुक्त प्रणालीत १५०० बिंदू बदलले की हालचाल झाली, असे मुळात धरलेले असते. ही मर्यादा बदलता येते, चित्राचा नको तो भाग वगळताही येतो. नव्या प्रणाली माणूस आणि मांजर यांतला भेद ओळखतात. चोर आणि कामगार यांतला नाही. तो भेद करायचा की नाही, हे यंत्राचा धनीच ठरवतो.

या साधनाचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिकेने पतीच्या साहाय्याने १९६६ साली घराच्या रक्षणासाठी दूरचित्रवाणी यंत्रणेच्या एकस्वाचा अर्ज केला. १९६९ साली ते मंजूर झाले. तिचा कॅमेरा दाराच्या छिद्रांतून बाहेर पाहत असे. एका श्रमिक स्त्रीने स्वतःच्या रक्षणासाठी बाहेर रोखलेला तो डोळा आज दुसऱ्या श्रमिक स्त्रीवर आत रोखला गेला आहे.

‘ज्याला काही लपवायचे नाही, त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे?’ अशी मखलाशी यावर केली जाते. वरकरणी ती बिनतोड वाटते. पण अंगठी हरवली तर चित्रण मालकाच्या हाती असते; पगार कापला, ठरल्यापेक्षा दोन तास जास्त राबविले, अपशब्द वापरले, तर तेच चित्रण त्या बाईला मागता येते काय? पुरावा एकाच पक्षाच्या ताब्यात असेल, तर ती सुरक्षा नव्हे, सत्ता होय.

आणि मालक तरी त्या चित्रणाचा खरा मालक असतो काय? पुष्कळदा ते कंपनीच्या दूरस्थ संगणकावर साठते. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने २०२३ साली अमेझॉनच्या ‘रिंग’ कंपनीवर आरोप ठेवला, की तिच्या एका कर्मचाऱ्याने स्त्री ग्राहकांच्या शयनगृहांतील व न्हाणीघरांतील हजारो चित्रणे कित्येक महिने पाहिली. ५८ लाख डॉलर मोजून कंपनीने ते प्रकरण मिटविले. पाळत ठेवणाराही पाळतीखाली येतो, तो असा.

कायद्याची स्थिती काय आहे? २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीचा ‘वैयक्तिक किंवा घरगुती’ वापर सरसकट वगळला. एकाचे घर हेच दुसऱ्याचे कामाचे ठिकाण असते, याचे भान त्यात दिसत नाही. उलट युरोपीय न्यायालयाने २०१४ साली एका चेक घरमालकाच्या प्रकरणात निर्णय दिला, की घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल, तर त्या वापराला निव्वळ घरगुती म्हणता येणार नाही. रस्त्यावरच्या अनोळखी वाटसरूला जे संरक्षण तिथे मिळाले, ते इथे स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला नाकारण्याचे कारण काय?

कॅमेरे फोडा, असे कोणी म्हणत नाही. एकट्या वृद्धेला दाराबाहेर कोण आहे हे कळावे, हे योग्यच. पण कॅमेरा दाराशी असावा आणि बाहेर पाहणारा असावा. घरात तो असेलच, तर कामावर ठेवतानाच तसे स्पष्ट सांगावे. वादाच्या प्रसंगी चित्रण दोन्ही पक्षांना मिळावे. ते कंपनीकडे न जाता घरच्याच संगणकावर राहावे आणि ठराविक मुदतीत पुसले जावे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप करून आपल्या कामाला काम म्हणवून घेतले. त्या कामावर चोरीचा कायमचा संशय रोखलेला राहू न देणे, ही त्याच लढ्याची पुढची पायरी आहे. घरकामगारांच्या संघटनांनी ती आपल्या मागणीपत्रकात समाविष्ट केली पाहिजे. आणि ज्या कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरी असा डोळा लावलेला आहे, त्यांनी तो आधी दाराकडे वळवावा.