आयांच्या वह्यांना हसणाऱ्यांस

मराठी साहित्यात आईला काही कमी नाही. ‘श्यामची आई’ १९३५ साली पुस्तकरूपाने आली, १९५३ साली पडद्यावर आली, आणि अजूनही घरोघर डोळ्यांना पदर लावायला लावते. कवी यशवंत आणि माधव जूलियन यांच्या आईवरच्या कविता पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ झाल्या. मी पेशाने शाळामास्तरीण. आईवर निबंध घातला की वर्गातले सर्वांत मठ्ठ पोरही दीड पान लिहिते, हा माझा नित्याचा अनुभव. आईला देव म्हणा, गुरू म्हणा, महाराष्ट्र डोळे पुसायला तयारच आहे. पण तीच आई रात्री ओटा पुसून, हात कोरडे करून वही घेऊन बसली, की हाच महाराष्ट्र गालातल्या गालात हसतो. आईने साहित्याचा विषय व्हावे, साहित्यिक होऊ नये, असा आपल्याकडे एक अलिखित कायदाच आहे. या कायद्याविरुद्ध आज मला भांडायचे आहे. फराळाच्या ताटाशी भांडण नको, असे कोणी म्हणेल. पण चकली खुसखुशीत असेल तर भांडणही गोडीने होते.

भांडणाचे निमित्त असे. आम्ही सातजणींनी एक लहानसे लेखनमंडळ चालवले आहे. सातहीजणी आया. कोणी नाशिकला, कोणी सांगलीला, एक पार बडोद्याला. आठवड्यातून एकदा, मुले निजली की, पावणेदहाला आम्ही फोनवर जमतो. दोघीजणी आपले एकेक पान वाचतात. ऐकणाऱ्यांनी आधी मनात काय राहिले ते सांगायचे, मग काय कळले नाही ते विचारायचे. आणि सल्ला द्यायचा तो लिहिणारीने मागितला तरच. जी येऊ शकली नाही तिच्याकडून खुलासा मागायचा नाही, कारण ताप कोणाच्या पोराला चढेल याचे वेळापत्रक नसते. एवढेच आमचे नियम. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही.

एका साहित्यसभेत एका विद्वान गृहस्थांनी असल्या मंडळांना ‘हळदीकुंकवाचे साहित्य’ असे नाव दिले आणि सभा हसली. त्यांचे आक्षेप तीन. पहिला, खरा लेखक एकटा लिहितो, त्याला मंडळ लागत नाही. दुसरा, हे रिकामपणाचे उद्योग आहेत. तिसरा, एकमेकींची पाठ थोपटून वाङ्‌मय होत नसते, त्याला कठोर टीकाच हवी. मी मॅट्रिक, विद्वत्तेशी माझे नाते दुरूनच. पण दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि दोन मुले वाढवली आहेत, तेव्हा उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

पहिला आक्षेप घेऊ. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. काही कवी एकत्र जमत, चहा घेत, एकमेकांच्या कविता ऐकत. त्या मंडळावर प्रबंध झाले, परीक्षेत प्रश्न आले. हे सर्व योग्यच झाले. पण मग मंडळावाचून लिहिणारा तो एकटा लेखक कुठे गेला? ज्या यशवंतांच्या आणि माधव जूलियनांच्या आईवरच्या कविता आपण म्हणतो, ते दोघेही याच मंडळाचे. आणि त्या मंडळात बाई एकच, मनोरमाबाई रानडे. पुरुष चहाच्या कपाभोवती जमले तर ते वाङ्‌मयीन मंडळ, आणि बाया जमल्या तर ते हळदीकुंकू! कपात चहाच होता ना? मग नावात एवढा फरक का?

दुसरा आक्षेप रिकामपणाचा. त्याचे उत्तर मी देत नाही, सरकार देते. २०१९ साली केंद्र सरकारने लोक वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्या बिनपगारी कामात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. मुलांचे नि म्हाताऱ्यांचे करणे यात धरलेलेच नाही. त्याचा हिशेब निराळा. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. ते उरलेले एक मिनिट आम्ही लेखनाला देतो, असे त्या गृहस्थांना वाटत असावे.

इंग्लंडात व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली मांडले, की बाईला लिहायचे तर स्वतःची खोली हवी आणि वर्षाला ५०० पौंड हवेत. मागणी रास्तच. पण वुल्फबाईंना मूल नव्हते. खोली मिळाली तरी आईला तिचे दार लावून घेता येत नाही, ही पुढची अडचण त्यांना भोगावी लागली नाही. आमच्या मंडळात वाक्य अर्धे असताना कोणाचे तरी पोर पाण्यासाठी उठते. ती जाते, पाजते, थोपटते आणि परत येते. बाकीच्या तोवर थांबतात. हे थांबणेच फार मोलाचे आहे. घरात तिच्या वाक्यासाठी कोण थांबते?

आणि ही पद्धत नवी मुळीच नाही. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसत. खुंटा एक, हात दोघींचे. एकीने ओवी धरायची, दुसरीने झेलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून अशा ओव्या गोळा करवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली! माहेर, सासर, भाऊ, लेकरू, दुष्काळ, देव, सारे त्यात आहे. एवढे वाङ्‌मय कोणी एकटीने बंद खोलीत रचले नाही. ऐकणारी समोर होती म्हणून ते रचले गेले. पुढे पिठाची गिरणी आली. बायांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले, फार चांगले झाले. जाते परत आणा असे मी कधीही म्हणणार नाही. पण दळणाबरोबर ती बैठकही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. सात गावच्या सात आया रात्री फोनवर जमतात, तेव्हा ती मोडलेली बैठकच पुन्हा मांडत असतात.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली म्हणून वाचली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती, मुले वाढवण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले, तेव्हा कुठे १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तक झाले. या तिघींचा आपण अभिमान धरतो. मी मात्र दुसराच हिशेब करते. ज्यांचा मुलगा कवी नव्हता, ज्या पासष्टीपर्यंत जगल्या नाहीत, ज्यांची लपवलेली वही सापडली आणि चुलीत गेली, त्या किती असतील? साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. २०२५ च्या दिल्लीच्या ९८ व्या संमेलनापर्यंत अध्यक्षपदी बसलेल्या स्त्रिया सहा. बायांना लिहिता येत नाही म्हणून ही संख्या सहा आहे, असे ज्याला वाटते त्याने एक लाख ओव्यांकडे पुन्हा पाहावे.

राहिला तिसरा आक्षेप, कठोर टीकेचा. येथे मी मास्तरीण म्हणून बोलते. पहिलीतले पोर पाटीवर पहिला ‘ग’ काढते, तो वाकडा असतो. त्या दिवशी जो मास्तर ‘ग’वर फुली मारतो, त्याला पुढे फुली मारायलाही काही मिळत नाही, पोर पाटीच लपवते. वळण लावायचे असतेच, पण अक्षर उमटल्यावर. चाळिशीतली बाई वीस वर्षांनी पहिली ओळ लिहिते, तेव्हा तीही पहिलीतच असते. आणि नुसती पाठ थोपटणे आमच्यात चालत नाही. ‘इथे तू सासूला फार लवकर माफ केलेस, ते खरे वाटले नाही,’ असे आमच्यातली एक दुसरीला म्हणाली. याहून कठोर टीका मी कोणत्याही परीक्षणात वाचलेली नाही. फरक इतकाच, की ती ऐकून लिहिणारीने वही मिटली नाही. पुढच्या आठवड्यात ते पान बदलून आणले. ज्या टीकेने पान बदलते ती टीका. जिने वही मिटते ती नुसती मर्दुमकी.

मंडळ म्हटले की सारेच गोड, असे मात्र मी म्हणत नाही. पैसे घेऊन प्रशस्तिपत्रे वाटणारी दुकाने अलीकडे पुष्कळ निघाली आहेत. शेकडो माणसे भरली, की ऐकणारा कोणी उरत नाही, नुसते टाळ्या वाजवणारे उरतात. त्यांना खुशाल हसा, मीही हसेन. मंडळ लहान हवे. कोणी आले नाही हे ध्यानात येईल, इतके लहान.

वाचकहो, हा अंक घरात आला की आधी तो कोण वाचतो ते पाहा. चकलीचा सोऱ्या धुऊन, पाहुणे वाटेला लावून, सर्वांच्या हातून फिरून चुरगळलेला अंक शेवटी ज्या हाती जातो, त्या हातांना लिहावेसेही वाटत असेल. विचारून तर पाहा. वाटत असेल, तर पाडव्याला साडीबरोबर एक गोष्ट आणखी द्या : आठवड्यातला एक तास. त्या तासात दुधाचे, गॅसचे आणि पोराच्या गृहपाठाचे तुम्ही बघा. ती काय लिहिते ते लगेच वाचायला मागू नका. वाचायला द्यायचे तेव्हा ती देईल. तोवर ऐकायला तिच्या सहा मैत्रिणी आहेत.