तळ्यात-मळ्यात पुरे झालं

फेब्रुवारी जवळ आला की केरी-मॉरिसव्हिलमधल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कुणीही जिंकू दे, दोन्ही आपलीच." ड्यूक आणि कॅरोलायनाच्या बास्केटबॉल सामन्याबद्दल असं बोलणाऱ्यांना आपण फार समंजस आहोत असं वाटतं. मला तो पाहुणेपणा वाटतो. इथे घराचे हप्ते भरायचे, राज्याला कर द्यायचा, मुलं इथल्या शाळांत घालायची, आणि या मुलखाचं सगळ्यात लाडकं भांडण मात्र सोफ्याच्या कडेला अंग चोरून बघायचं! बाजू घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात "आव्वाज कुणाचा" म्हणून घसा फोडलेली माणसं आपल्या मंडळात आहेत. तिथे कुणी "सगळ्याच एकांकिका छान झाल्या" म्हणालं असतं, तर त्याला नंतर कुणी चहालाही विचारलं नसतं. त्याच माणसांचा आवाज इथे येऊन का बसतो?

एक कारण मला ठाऊक आहे, फक्त ते मोठ्याने कुणी बोलत नाही. मुलं पुढे दोन्हीकडे अर्ज करणार, मग कशाला वाईटपणा घ्या! प्रवेश देणारे लोक आपल्या दिवाणखान्यात कोण ओरडलं ते बघायला येत नाहीत, एवढं आश्वासन मी देऊ शकतो. जे बाजू घेतात, त्यांच्यातले बरेच जण रँकिंग बघून ड्यूककडे वळतात. रँकिंग अर्ज भरताना बघावं. ओरडायला त्याहून बरं कारण हवं, आणि इथे तशी कारणं भरपूर आहेत.

चॅपल हिल आणि डरहॅम यांच्यात जेमतेम दहा-अकरा मैल. दोघांचा पहिला सामना 1920 सालचा. कॅरोलायना हे राज्याचं विद्यापीठ, 1789 ची सनद, 1795 पासून वर्ग चालू. प्रथम वर्षात राज्याबाहेरच्या मुलांचा वाटा वर्षानुवर्षं 18 टक्क्यांवर बांधलेला. ड्यूक म्हणजे पूर्वीचं ट्रिनिटी कॉलेज. तंबाखू आणि विजेच्या धंद्यात गब्बर झालेल्या जेम्स ड्यूकने 1924 मध्ये घसघशीत देणगी दिली आणि कॉलेजला त्याच्या घराण्याचं नाव लागलं. ते खासगी, महाग, आणि तिथली बहुतेक मुलं बाहेरच्या राज्यांतली. चॅपल हिलवाले त्याला 'डरहॅममधलं न्यू जर्सी विद्यापीठ' म्हणून चिडवतात. (एडिसनहून इकडे बिऱ्हाड हलवलेल्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.) म्हणजे विद्यापीठ कुणासाठी असावं, हा वाद या सामन्याच्या तळाशी आहे. ज्याची मुलं इथे वाढताहेत, त्याला या वादात मतच नाही हे मला पटत नाही.

माझी बाजू फिक्या निळ्याची. कारण डीन स्मिथ. 1961 ते 1997 अशी छत्तीस वर्षं ते कॅरोलायनाचे प्रशिक्षक होते आणि 879 सामने जिंकले. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते त्यांनी चार्ली स्कॉटला आणलं यात. कॅरोलायनात शिष्यवृत्तीवर खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि साल होतं 1966. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या प्रत्येक जुन्या खेळाडूसाठी 200 डॉलर ठेवले, बाहेर छानसं जेवून या म्हणून. अर्थात बाजू घेतली की तिचं ओझंही घ्यावं लागतं. याच विद्यापीठात अठरा वर्षं नावापुरते वर्ग चालले, तीन हजारांवर विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यांत खेळाडू मोठ्या प्रमाणावर होते. 2014 च्या चौकशी अहवालात सगळं बाहेर आलं. ड्यूकवाले हे दर वर्षी ऐकवतात. ऐकून घ्यावं लागतं.

गडद निळ्यांकडेही रँकिंगपेक्षा भक्कम कारणं आहेत. कॅमेरॉन स्टेडियम 1940 सालचं, जागा 9,314. कोर्टाला खेटून उभी राहणारी पोरं या एका सामन्यासाठी थंडीत कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात, आणि त्या तंबूंच्या वस्तीला कोच शशेव्हस्की यांचं नाव आहे. 42 हंगाम, पाच राष्ट्रीय विजेतेपदं. ड्यूकच्या आवाराचे आराखडे ज्युलियन एबली या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने केले, आणि पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलांना तिथे प्रवेश मिळायला 1963 उजाडलं. चॅपल हिलनेही 1955 पर्यंत तेच केलं होतं, तेव्हा माझ्या बाजूने इथे छाती फुगवू नये.

याच डरहॅममध्ये 12 मार्च 1944 ला, रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, बंद दाराआड एक सामना झाला. एकीकडे ड्यूकच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ. दुसरीकडे आज नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल म्हणतात त्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा. त्यांचे प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन. बास्केटबॉल शोधून काढणाऱ्या नेस्मिथकडेच ते कॅन्ससमध्ये शिकले होते. निकाल 88-44, मॅकलेंडन यांच्या संघाच्या बाजूने. कायद्याने एकत्र खेळायलाच बंदी, त्यामुळे ही गोष्ट पन्नासेक वर्षं गुपितच राहिली. दोन निळ्यांच्या गोंगाटात ही बाजू कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या मुलांना दोन्ही संघांचे टी-शर्ट घेऊन देतो, तेव्हा हेही सांगायला हवं.

आता लाल रंगाबद्दल. आपल्यातले कितीतरी इंजिनिअर एन.सी. स्टेटमध्ये एम.एस. करायला आले आणि इथेच राहिले. 1974 आणि 1983 ची राष्ट्रीय विजेतेपदं त्या विद्यापीठाकडे आहेत. 2024 मध्ये त्यांनी ड्यूकलाच हरवून अंतिम चारांत धडक मारली. तरी ड्यूक-कॅरोलायनाच्या रात्री ही मंडळी शेजाऱ्याला बरं वाटावं म्हणून निळा शर्ट चढवतात. या एका गोष्टीवर मला खरा राग येतो. ज्याने पदवी दिली त्याचा रंग घाला आणि दोघांनाही शिव्या द्या. स्टेटवाल्यांची तीच परंपरा आहे.

"पण आता खेळाडू भाडोत्रीच झालेत," असं म्हणणारेही आहेत. खरं आहे. 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, 2025 पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात, आणि वर्षाकाठी अर्धा संघ बदलतो. पण मग टिकून राहतं कोण? बघणारे! 2022 मध्ये कॅरोलायनाने शशेव्हस्कींचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना बिघडवला, आणि महिन्याभरात न्यू ऑर्लिन्समध्ये ड्यूकला 81-77 असं हरवून त्यांची कारकीर्दच संपवली. ते खेळाडू केव्हाच पांगले. माझ्या गल्लीतला ड्यूकवाला मात्र अजून त्या रात्रीचा विषय काढू देत नाही.

बाजू घेतली की मनं दुखावतात, ही भीतीही फोल आहे. डीन स्मिथ 2015 च्या फेब्रुवारीत गेले. त्यानंतर कॅमेरॉनमध्ये सामना होता. सुरू होण्याआधी दोन्ही संघ एकाच वर्तुळात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गुडघ्यांवर बसले. मग खेळले, जादा वेळेपर्यंत, आणि ड्यूक 92-90 ने जिंकलं. मला वाईट वाटलं.

तेव्हा कार्यकारिणीला एक सूचना. संक्रांतीचं हळदीकुंकू पुढे ढकलत ढकलत आपण बहुधा या सामन्याच्या शनिवारीच आणून ठेवतो. हरकत नाही, ठेवा. हॉलमध्ये मोठा पडदा लावा, डावीकडे फिके निळे, उजवीकडे गडद निळे, मागच्या रांगेत लाल. आणि "दोन्ही आपलीच" म्हणणाऱ्यांनी तिळगूळ वाटावा, चहाचं बघावं, शेवटी खुर्च्या आवराव्यात.