वर्गणीचं पावतीपुस्तक फेकू नका!

मित्रांनो, राजगुरुनगरात हातगाडीवाल्यांची, टपरीवाल्यांची संघटना बांधू म्हटलं की पहिला प्रश्न येतो : फंड कुठून आणायचा? माणसं कशी जमवायची, हा प्रश्न नंतर.

फंडाचं उत्तर शेजारी चाकणला तयार आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. सरकारही मागे नव्हतं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक बचत गट बांधून दोन वर्षं सांभाळायला 10,000 रुपयांपर्यंत खर्चाची सोय होती. म्हणजे माणसं एकत्र आणण्याचाही दर ठरला. नगाला दहा हजार!

हा पैसा घाण आहे, असं आम्ही म्हणत नाही. चाकणचा नफा कंत्राटी कामगाराच्या घामातूनच निघतो. त्यातले दोन टक्के वस्तीत परत आले तर ते उपकार नव्हेत. पण पैशाला दोरी असते. देणारा तिमाही अहवाल मागतो, फोटो मागतो, ‘लाभार्थी किती’ विचारतो. नगर परिषदेवर काढलेला मोर्चा त्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसतो? बसत नाही. मग मोर्चा निघत नाही. कार्यशाळा निघते, वर नाश्ता.

आणि लढायला तर कायदा हातात आहे. 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाही विक्रेत्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी मतदानानं निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश बाया, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व. संस्थांच्या वाट्याला किमान 10 टक्के जागा, त्याही नेमणुकीच्या. व्यापारी संघही त्या टेबलावर बसतो. पण होतं काय? नेमलेला बोलतो, निवडलेला मान हलवतो. कारण निवडलेल्याच्या पाठीशी संघटना नसते, प्रकल्प असतो. प्रकल्पाची मुदत संपली की बोर्ड उतरतो. गाडी उचलणारा ट्रक मात्र येतच राहतो.

त्यात आपलं दुखणं वेगळंच. आपला माणूस चपला शिवायला बसला तर कुणाचं काही जात नाही. तोच पोह्याची गाडी टाकतो तेव्हा गिऱ्हाईक आधी आडनाव विचारतं. सगळ्यांना ‘छोटे व्यापारी’ म्हणून एका रांगेत उभं करणारी संघटना हे आडनाव गिळून टाकते. दुकानाचा मालक आणि त्याच्या पायरीखाली पथारी टाकणारी बाई, दोघांचं हित एक कसं?

बाबासाहेबांनी 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. मदत घ्यायला बाबासाहेब लाजले नाहीत. पण व्यवस्थापक मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे ठेवलं. मदत दुसऱ्याची, लगाम आपल्या हातात. हाच धडा आहे.

म्हणून पोरांनो, अनुदान घ्यायचं असेल तर घ्या. हिशेब शिकवायला घ्या, मुतारीला घ्या, वकिलाच्या फीला घ्या. पण सभासदांची वही, निवडणूक आणि कार्यकर्त्याची भाकरी वर्गणीवरच चालली पाहिजे. महिन्याला वीस रुपये देणारी भाजीवाली उद्या भर सभेत उभी राहून ‘माझे पैसे कुठं गेले?’ असं विचारेल. कंपनीचा चेक असा प्रश्न कार्यकर्त्याला विचारेल, भाजीवालीला विचारू देणार नाही.

23 मार्च 1931 ला फासावर गेलेल्या पोराचं नाव या गावाला आहे. त्याच्या गावात संघटना भाड्यानं मिळते, असं कुणी म्हणू नये. उद्या संध्याकाळी पावतीपुस्तक घ्या आणि बाजारात निघा. पहिली पावती स्वतःच्या नावानं फाडा.

जय भीम!