सवलत एकट्या शिलाईला

ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीना यांना देश सोडून पळावे लागले, तेव्हापासून बांगलादेशाच्या औद्योगिक प्रगतीला खोटी ठरवण्याची चढाओढ लागली आहे. आकडे फुगवलेले होते, हे खरेच. सत्तांतराच्या आधीच, जुलैमध्ये, तिथल्या मध्यवर्ती बँकेने हिशेब दुरुस्त केला आणि दहा महिन्यांच्या निर्यातीतून जवळपास 1,400 कोटी डॉलर उडाले. तरीही जे उरले ते थोडे नाही. 2024-25 मध्ये या देशाने सुमारे 3,900 कोटी डॉलरचे तयार कपडे परदेशी पाठवले. त्याच वर्षी भारताची या मालाची निर्यात होती सुमारे 1,600 कोटी डॉलर. लोकसंख्येने आठपट मोठ्या, घरचा कापूस असलेल्या देशाने, कापूस जवळजवळ सगळा बाहेरून आणणाऱ्या शेजाऱ्याला नाक मुरडण्याआधी हा आकडा नीट वाचावा.

या धंद्याची मुळे 1978 सालच्या एका करारात आहेत. अमेरिका आणि युरोपने कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. कोरियाचा कोटा भरत आला होता, बांगलादेशावर कोट्याचे बंधनच नव्हते. नूरुल कादर या माजी सनदी अधिकाऱ्याने कोरियाच्या देवू कंपनीशी हातमिळवणी केली, आपल्या ‘देश गारमेंट्स’चे 130 जण बुसानच्या कारखान्यात शिकायला धाडले आणि 1980 मध्ये चितगावात उत्पादन सुरू झाले. त्या दशकात या 130 पैकी 115 जण कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. एका कंपनीत आलेली विद्या अशी देशभर पसरली.

पण नुसत्या विद्येवर कारखाने निघत नाहीत. सरकारने त्या वेळी दोन सोयी करून दिल्या. परदेशी ग्राहकाने उघडलेल्या पतपत्राच्या तारणावर कापड उधारीत आणता येऊ लागले, आणि निर्यातीसाठी आणलेला कच्चा माल बाँडेड गोदामात ठेवला तर त्यावर आयातशुल्क माफ झाले. गाठीला फारसे भांडवल नसलेला माणूसही ऑर्डर मिळवून शिलाईयंत्रे मांडू शकला. पुढे युरोपने शुल्कमुक्त दार उघडले. आज सुमारे 40 लाख माणसे या कामावर आहेत आणि त्यांत बाया निम्म्याहून अधिक. राचेल हीथ आणि मुश्फिक मोबारक या अर्थतज्ज्ञांनी 2015 मध्ये दाखवून दिले की, कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली, त्या शाळेत जास्त वर्षे टिकू लागल्या. बापाला मुलगी शिकवण्यात अर्थ दिसू लागला. कुठल्याही राजवटीच्या पडझडीने हे पुसले जाणार नाही, आणि उत्पादनाच्या वाटेने गेलेल्या गरीब देशाची ही सर्वांत मोठी कमाई आहे असे मी मानतो.

तिची किंमत मात्र त्याच बायांनी मोजली. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावारची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1,134 माणसे मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले होते. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या सकाळी यंत्रांवर बसवले गेले, कारण माल वेळेत जहाजावर चढायला हवा होता. या अपघाताला अपघात म्हणणेही जिवावर येते. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांत बंधनकारक करार झाला, हजारावर कारखाने तपासले गेले, जिने, दरवाजे, वायरिंग सुधारले. ही सुधारणा खरी आहे. मजुरीची गोष्ट वेगळी. 2023 मध्ये संघटनांनी महिन्याला किमान 23,000 टाका मागितले, रस्त्यावर उतरलेल्या कामगारांपैकी काही जण मारले गेले आणि हाती पडले 12,500.

इथे धंद्याच्या सत्तेचा प्रश्न येतो. कारखानदारांची संघटना हे तिथले जवळपास दुसरे सरकार झाले होते. उत्तर ढाक्याच्या महापौरपदी एकापाठोपाठ निवडून आलेले अनिसुल हक आणि अतिकुल इस्लाम हे दोघेही तिचे माजी अध्यक्ष. संसदेतही कारखानदारांची चांगली वर्दळ असे. ज्यांच्या हाती सवलत होती त्यांनी ती जपली, वाढवली. मात्र बाँडेड गोदाम आणि उधारीचे कापड या सोयींनी कपड्यांना जसे वर काढले, तसे बाकीच्या धंद्यांना काढावे, ही निकड कुणाला भासली नाही. उलट देशी बाजारात उंच आयातशुल्काच्या आडोशाला बसून विकणे इतके फायद्याचे राहिले की, बूट, प्लॅस्टिक किंवा पंखे करणाऱ्याने परदेशी ग्राहकाच्या मागे धावावेच कशाला?

चामड्याचे बघा. कातडी देशातच मिळते, कसब पिढ्यांचे आहे. ढाक्याच्या हजारीबागमधले कातडी कमावणारे कारखाने 2017 मध्ये सावारला हलवले, पण तिथले सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्र नीट चाललेच नाही. मोठ्या ब्रँडना हवे असणारे पर्यावरणाचे प्रमाणपत्र त्यामुळे बहुतेकांना मिळत नाही आणि चांगले चामडे पडत्या भावात जाते. एक सांडपाणी केंद्र धडपणे चालवायला काही कोरियाची मदत लागत नव्हती. कपड्यांसाठी रातोरात परिपत्रके काढणारे प्रशासन इथे वर्षानुवर्षे ढिम्म राहिले.

चाळीस वर्षांनंतरही निर्यातीतला कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक आहे, तो यामुळे. शिलाईच्या यंत्रावर बसलेल्या आईची मुलगी पदवीधर झाली आणि तिच्या शिक्षणाला साजेल असे काम कारखानदारीने निर्माणच केले नाही. मग उरते सरकारी नोकरी. त्यातल्या 30 टक्के जागा स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांना पुन्हा राखीव ठरल्यावर 2024 मध्ये विद्यार्थी पेटून उठले आणि सरकार गेले. या उठावाला राजकीय दडपशाहीची कारणे होतीच, पण ठिणगी नोकरीच्या प्रश्नावर पडली हे विसरू नये.

अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी बांगलादेशाला 24 नोव्हेंबर 2026 ही तारीख दिली. या यादीमुळे मिळणारी युरोपातली शुल्कमाफी त्यापुढे तीन वर्षेच टिकायची होती. कारखानदार मुदतवाढ मागत राहिले. मुदत वाढवून मागण्यापेक्षा त्यांनी आणि सरकारने एवढे करावे: शुल्कमुक्त कच्च्या मालाची जी सोय शिलाईला मिळाली, ती बूट, सायकल, औषधे, विजेची उपकरणे निर्यात करू पाहणाऱ्या प्रत्येक लहान कारखान्याला त्याच अटींवर द्यावी, आणि सावारचे केंद्र दुरुस्त करावे. स्वेटर विणणाऱ्या कारखान्यांत स्वयंचलित यंत्रे कधीच आली आहेत. त्यांनी मोकळे केलेले हात आजच काम शोधत आहेत.