भिडेवाडा : जागा मिळाली, वास्तू गेली

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर, भिडे यांचा जुना वाडा उभा होता. १८४८ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी आपली पहिली शाळा या वाड्यात सुरू केली. त्यापूर्वी जोतीरावांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे जाऊन मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या, हे आपल्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात, रात्रीच्या वेळी, मोठ्या पोलीस बंदोबस्तात पुणे महानगरपालिकेने हा वाडा ताब्यात घेतला आणि पाडला. राष्ट्रीय स्मारकाचा मार्ग मोकळा झाला म्हणून अनेकांनी समाधान व्यक्त केले व ते योग्यच होते. तथापि ज्या भिंतींमध्ये ती शाळा भरली, त्या भिंती मात्र आता नाहीत. जागा मिळाली, वास्तू गेली, असे का व्हावे, याचा विचार शांतपणे करणे आवश्यक आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. भिडेवाड्याचे भूसंपादन करून तेथे स्मारक करण्याचा ठराव महापालिकेने २००६ साली केला. त्यावेळी वाड्यात दुकाने होती आणि दुकानदार भाडेकरू होते. संपादनाला आव्हान देण्यात आले व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात एका तपाहून अधिक काळ चालले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला व जागा रिकामी करण्यासाठी मुदत दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ठरावापासून ताब्यापर्यंत १७ वर्षे गेली.

या निकालाविषयी येथे वाद घालावयाचा नाही. स्त्रीशिक्षणाच्या आरंभस्थानाचे जतन हा सार्वजनिक हेतू नव्हे, तर दुसरा कोणता? त्याचप्रमाणे न्यायालयात गेलेल्या भाडेकरूंना दोष देणेही उचित नाही. ज्याच्या दुकानावर घर चालते, त्याने आपल्या हक्कासाठी दाद मागावी हे स्वाभाविक आहे, आणि तो अधिकार कायद्यानेच त्याला दिला आहे. प्रश्न वेगळाच आहे. या १७ वर्षांत वाड्याची कौले, तुळया व भिंती सांभाळण्याची जबाबदारी कोणाची होती?

घरमालकाच्या दृष्टीने, जी मिळकत उद्या सरकारजमा होणार तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नव्हता. भाडेकरू मालक नव्हता. महापालिकेकडे ताबा नव्हता. प्रत्येकाजवळ कायद्याला मान्य होईल असे कारण होते. पावसाळे मात्र कोणासाठी थांबले नाहीत. निकाल लागेपर्यंत वाडा मोडकळीस आला होता.

हा प्रकार केवळ भिडेवाड्यापुरता मर्यादित असता, तर त्याला दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. परंतु बुधवार, शनिवार, कसबा, रविवार अशा सर्वच जुन्या पेठांतील शेकडो वाड्यांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे. त्याचे मूळ भाडेनियंत्रणाच्या कायद्यात सापडते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडे ठरविताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधार मानली. महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु पन्नास वर्षे भाडे जवळजवळ तेथेच थांबले आणि चुना, लाकूड व मजुरी यांचे दर वाढत राहिले. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात, भाडे असे गोठवून ठेवणारी तरतूद आता वाजवी राहिलेली नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि दरवर्षी चार टक्के भाडेवाढ करण्यास मुभा मिळाली. ही वाढ जुन्या, अत्यल्प भाड्यावर होत असल्याने तिने वाडे वाचले नाहीत.

याच कायद्याने इमारत सुस्थितीत राखण्याचे कर्तव्य घरमालकावर टाकले आहे. त्याने ते केले नाही, तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. महिना शंभर रुपये भाडे असेल, तर वर्षाला तीनशे रुपये! एवढ्या पैशांत छपरावर प्लास्टिकचा कागदही धड येत नाही. कायद्याने कर्तव्य सांगितले, उपायही सांगितला. पण तो पार पाडण्याइतका पैसा त्या व्यवहारात ठेवलाच नाही.

मुंबई शहरात या प्रश्नाला वेगळी वाट काढण्यात आली. १९६९ च्या कायद्याने तेथील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविला आणि दुरुस्तीचे काम एका मंडळाकडे सोपविले. आज हे मंडळ म्हाडाचा भाग आहे. त्याच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. परंतु इमारत खचू लागली तर कोणत्या दारावर थाप मारावयाची, हे तेथील रहिवाशाला ठाऊक असते. पुण्याच्या पेठांसाठी असे मंडळ नाही. येथे महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि फार तर वाडा रिकामा करून पाडते. म्हणजे पुण्यात पाडण्यासाठी अधिकारी आहे, सांभाळण्यासाठी नाही.

बुधवार पेठेतून काही मिनिटांच्या अंतरावर शनिवारवाडा आहे. हे केंद्रीय संरक्षित स्मारक असल्यामुळे २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे, तर पुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतींना पहिल्या शंभर मीटरमध्ये दुरुस्तीची परवानगी मिळू शकते. मात्र जुनी इमारत उतरवून नवी बांधता येत नाही. स्मारकाच्या रक्षणासाठी हा नियम केला गेला व त्याची गरज नाकारता येणार नाही. पण ज्या कुटुंबाचा वाडा या पट्ट्यात आहे, त्याला पुनर्बांधणीचा मार्ग बंद आहे आणि दुरुस्तीला पैसा नाही. शेजारच्या स्मारकाचे जतन व्हावे म्हणून ज्याच्यावर बंधन घातले, त्याला काही साहाय्य देण्याचा विचार त्या नियमात आढळत नाही.

या तिन्ही प्रकरणांत, म्हणजे भिडेवाड्याच्या संपादनात, भाडेकायद्यात आणि स्मारकाच्या नियमात, एकच उणीव दिसते. मालकी कोणाची, ताबा कोणाचा, बांधकाम करता येईल की नाही, या प्रश्नांची उत्तरे आपल्या कायद्यांत विस्ताराने आहेत. सांभाळ कोणी करावा व कोणत्या पैशाने करावा, या प्रश्नाचे उत्तर मात्र तुटपुंजे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे याच दिशेने काही महत्त्वाची पावले टाकली आहेत. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिला नाही. परंतु अनुच्छेद ३००-अ अन्वये तो घटनात्मक हक्क आहे. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या एका प्रकरणात न्यायालयाने या अनुच्छेदात सामावलेले सात हक्क सांगितले. त्यांत नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू व रास्त मोबदला यांच्याबरोबरच, संपादनाची प्रक्रिया कार्यक्षमतेने व वेळेत चालविणे आणि ती पूर्णत्वास नेणे यांचाही समावेश आहे. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींच्या संपादनातून उद्भवलेल्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. शासनाला संपादनाचा अधिकार आहे, पण तो वापरताना दिरंगाई करण्याची मुभा नाही, असा बोध या दोन निर्णयांतून घेता येईल.

यावर उपाय कोणते? पहिला असा की, ज्या दिवशी एखाद्या ऐतिहासिक वास्तूच्या संपादनाचा ठराव होईल, त्याच दिवसापासून तिच्या तातडीच्या दुरुस्तीची जबाबदारी संपादन करणाऱ्या संस्थेने घ्यावी व खर्चाचा हिशोब अखेरीस मोबदल्यात करावा. त्याचबरोबर वास्तूची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे लगेच करून घ्यावीत, म्हणजे निकालाला विलंब झाला तरी निदान नोंद राहील. दुसरा उपाय भाडेकरूंसाठी आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, ज्यांची मुख्य उपजीविका तीन वर्षांपासून त्या जागेवर अवलंबून आहे अशा शहरी कुटुंबांनाही बाधित मानले आहे. हेच तत्त्व धोकादायक वाडे पाडतानाही पाळावे. कोणाच्या ताब्यात किती चौरस फूट जागा होती याचा सही-शिक्क्याचा दाखला त्याच्या हाती दिल्याविना कुदळ मारली जाऊ नये. ज्याला परत येण्याची खात्री आहे, तो न्यायालयात वर्षे घालविण्यापेक्षा बोलणी करणे पसंत करील. तिसरा उपाय, पुण्याच्या जुन्या पेठांसाठी दुरुस्तीचा निधी. त्याचा भार मालक, भाडेकरू व महापालिका यांनी वाटून घ्यावा.

भिडेवाड्याच्या जागी राष्ट्रीय स्मारकाची वास्तू उभी राहणे योग्यच आहे. तेथे येणाऱ्या मुलीने “सावित्रीबाईंची शाळा ती हीच का?” असे विचारले, तर तिला भूमी दाखविता येईल, खोली दाखविता येणार नाही. येत्या जूनपूर्वी पेठेतील आणखी काही दारांवर नोटिसा चिकटविल्या जातील. त्या दारांमागे राहणारी माणसे अजून तेथेच आहेत आणि त्यांच्या वाड्यांच्या भिंतीही अजून उभ्या आहेत. त्यांच्याशी बोलणी सुरू करण्यास हीच वेळ आहे.