प्रतिनायकाचे ऋण : अद्भुतकथांतील उत्कंठेविषयी



अद्भुतकथांच्या मालिका आज मोठ्या प्रमाणावर वाचल्या आणि पाहिल्या जातात. तुमच्यापैकी काहींनी त्या मराठी अनुवादांतून वाचल्या असतील, काहींनी घरातील मुलांच्या सोबतीने पडद्यावर पाहिल्या असतील. या मालिकांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. आरंभीचे भाग खिळवून ठेवतात. पुढे युद्धे मोठी होतात, जादू वाढते, शत्रूंची सैन्ये वाढतात, आणि तरीही मन लागत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाविषयी माझे मत आरंभीच सांगतो. नायकाचे सामर्थ्य अमर्याद झाले आणि प्रतिनायक दुबळा राहिला की कथेतील उत्कंठा संपते. ही उणीव केवळ रंजनाची नाही, आशयाची आहे. विजयासाठी नायकाला काय गमवावे लागले हे ज्या कथेला सांगता येत नाही, तिला त्या विजयाचा अर्थही सांगता येत नाही.

उत्कंठा आणि कुतूहल

‘उत्कंठा’ या शब्दाची घडण पाहा. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘कंठ’ म्हणजे गळा. मान उंचावून वाट पाहणे ही त्यामागील मूळ प्रतिमा आहे. कुतूहल माहितीने शमते. शेवटचे पान आधी वाचले की ते संपते. उत्कंठेचे तसे नाही. रामकथेचा शेवट ठाऊक नसलेला श्रोता आपल्याकडे सापडणे कठीण. तरी कीर्तनात लक्ष्मण शक्ती लागून मूर्च्छित पडतो तेव्हा सभा स्तब्ध होते. निकाल ठाऊक असूनही वाट बिकट वाटते, म्हणून मान उंचावते. याचाच अर्थ असा की, ‘कोण जिंकणार?’ हा उत्कंठेचा खरा प्रश्न नव्हे. ‘कोणत्या वाटेने आणि काय गमावून?’ हा तिचा प्रश्न आहे. अतिसमर्थ नायक हा दुसरा प्रश्नच पुसून टाकतो.

संस्कृत साहित्यशास्त्राची साक्ष

हा विचार नवा नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याविषयी लिहिताना दोन मार्ग सांगितले आहेत. आधी नायकाचे गुण वर्णावेत आणि मग त्याच्याकडून शत्रूंचा पराभव दाखवावा, हा एक मार्ग. तो स्वभावतःच सुंदर आहे असे तो म्हणतो. दुसरा मार्ग असा की, शत्रूचेही कुल, पराक्रम आणि विद्या यांचे वर्णन करावे आणि त्याला जिंकल्यामुळे नायकाची थोरवी सिद्ध करावी; हाही मार्ग आपल्याला आनंद देतो. या दुसऱ्या मार्गातील तत्त्व लक्षात घ्या. नायकाची उंची शत्रूच्या उंचीवरून मोजली जाते. शत्रूला खुजा करणारा लेखक नकळत आपल्या नायकालाच खुजा करत असतो.

दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त नाट्यकार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यांतील तिसरी अवस्था आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फळ मिळण्याचे उपाय दिसत आहेत, पण अपायाची शंकाही मनात आहे, अशी ही दोलायमान स्थिती. उत्कंठेचे घर येथे आहे. नायक पहिल्या प्रहारातच शत्रूला लोळवू शकत असेल, तर कथा आरंभावरून थेट फलागमावर उडी मारते. मधली पाने भरलेली दिसतात, पण त्यांत प्राप्त्याशा उरलेली नसते.

मर्यादा हीच कथेची संधी

रावणाला मिळालेला वर याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. देव, दानव, यक्ष, राक्षस यांच्याकडून मृत्यू येऊ नये, असे त्याने ब्रह्मदेवाकडे मागितले. माणसांना तुच्छ लेखून त्याने वगळले. या एका फटीतून सगळी रामकथा वाहते. विष्णूला माणूस म्हणून जन्म घ्यावा लागतो आणि माणसाच्या मर्यादाही स्वीकाराव्या लागतात. पत्नीच्या वियोगाने शोक करणारा, वानरांची मदत घेणारा, समुद्राशी अडणारा राम त्यामुळे शक्य होतो. प्रतिनायक पुरेसा बलवान आहे म्हणून नायकाला खाली उतरावे लागते, आणि तो खाली उतरतो म्हणून आपण त्याच्या सोबत चालू शकतो.

उलट उदाहरण विसाव्या शतकातील आहे. सुपरमॅन 1938 मध्ये अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो फक्त प्रचंड झेप घेई. पुढे तो उडू लागला, त्याचे सामर्थ्य वाढत गेले. मग त्याच्यापुढे संकट तरी कोणते उभे करायचे? ‘क्रिप्टोनाइट’ हे त्याला निर्बल करणारे द्रव्य 1943 मध्ये त्याच्या आकाशवाणी मालिकेत आले आणि 1949 मध्ये चित्रकथेतही आले. अमर्याद शक्ती दिलेल्या नायकाला बाहेरून दुबळेपणा चिकटवावा लागला. मर्यादा नायकाच्या स्वभावातून आली तर ती कथेला पुढे नेते. बाहेरून आणली तर ती लवकरच ठरावीक युक्ती होऊन बसते.

मालिकांमध्ये ही अडचण अधिक तीव्र होते. प्रत्येक भागात नायकाची शक्ती वाढवली की प्रत्येक भागात अधिक मोठा शत्रू आणावा लागतो. कालचा विश्वविनाशक आज किरकोळ ठरतो. नोटा भरमसाट छापल्या की रुपयाचे मोल उतरते, तशी ही शक्तीची चलनवाढ होय.

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ मालिकेचे सात भाग 1997 ते 2007 या काळात आले. हॅरी हा काही आपल्या शाळेतील सर्वांत विद्वान जादूगार नाही. व्होल्डेमॉर्ट त्याच्यापेक्षा ज्ञानाने आणि बळाने कितीतरी मोठा आहे, आणि त्याची प्रेरणा मृत्यूच्या भयाची, म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. हॅरीचा सर्वांत समर्थ आधार असलेला डम्बलडोर सहाव्या भागाच्या अखेरीस मरण पावतो. तो शेवटपर्यंत जवळ राहिला असता, तर सातव्या भागाची बिकट वाट उरली नसती. तिसऱ्या भागात मात्र काळात मागे नेणारे एक यंत्र येते. असे यंत्र हाताशी असताना पुढचा प्रत्येक मृत्यू का टाळला जात नाही, हा प्रश्न वाचक विचारणारच. पाचव्या भागातील झटापटीत मंत्रालयातील अशा यंत्रांचा साठा नष्ट होतो. लेखिकेचा हेतू काहीही असो, त्यामुळे संकटाला त्याचे वजन परत मिळते.

याच मालिकेतील अम्ब्रिज हे पात्रही अभ्यासण्याजोगे आहे. तिची जादू व्होल्डेमॉर्टच्या पासंगालाही पुरणारी नाही. पण तिच्या हाती नियम, फतवे आणि सत्तेचा शिक्का आहे. तिच्याशी जादूने लढता येत नाही, म्हणूनच ती नायकाला खरी अडवते. यावरून दिसते की प्रतिनायकाचे बळ म्हणजे केवळ बाहुबळ नव्हे. नायकाचे जे साधन असेल, ते निरुपयोगी करण्याची क्षमता म्हणजे प्रतिनायकाचे बळ. ज्याला स्वतःचे उद्दिष्ट नाही, बुद्धी नाही, आणि जो नायकाला कोंडीत पकडल्यावर मारण्याऐवजी भाषण करत बसतो, तो कितीही अक्राळविक्राळ असला तरी दुबळाच.

टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (1954-55) या कादंबरीत हा विचार आणखी पुढे जातो. समर्थ असलेला गॅन्डाल्फ ती अंगठी स्वीकारत नाही, कारण त्याचे सामर्थ्यच तिच्यामुळे घातक ठरेल. ती नेण्याचे काम लहानखुऱ्या फ्रोडोवर येते, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याच्याही हातून ती टाकली जात नाही. पूर्वी त्याने गॉलमवर दाखवलेली दया येथे उपयोगी पडते. गॉलम अंगठी हिसकावतो आणि तिच्यासह अग्नीत पडतो. बळाने हा शेवट शक्यच नव्हता. दयेलाही परिणाम असतो, हे सांगण्यासाठी नायकाचे बळ अपुरे पडणे आवश्यक होते.

भाषेतील खुणा

मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्यामुळे माझे लक्ष कथेच्या व्याकरणाकडेही जाते. मराठी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे चार अर्थ तुम्ही अभ्यासले आहेत. अतिसमर्थ नायकाची कथा बहुतांशी स्वार्थात चालते : त्याने हात उगारला, शत्रू कोसळला. तिची लाडकी क्रियाविशेषणे ‘लीलया’, ‘क्षणार्धात’, ‘सहज’ ही. उत्कंठेची कथा संकेतार्थाकडे झुकते : पहाट होण्याआधी पूल ओलांडला असता, तर सारे वाचले असते. तिच्यात ‘पण’, ‘तरी’, ‘तोवर’ हे शब्द दाटीने येतात. आणि आपल्या भाषेत शक्य क्रियापद नावाचा एक सुंदर प्रकार आहे. ‘तो उठला नाही’ आणि ‘त्याच्याने उठवेना’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे पाहा. पहिल्यात केवळ घटना आहे. दुसऱ्यात इच्छा आहे, प्रयत्न आहे आणि शरीराने दिलेला नकार आहे. ज्या नायकाविषयी ‘वेना’ हे रूप कधीच वापरावे लागत नाही, त्याच्याविषयी उत्कंठा वाटणे कठीण.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसाला विजयाची खात्री देणारी कथाच हवी असते. हा आक्षेप मला तुच्छ वाटत नाही. 1997 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘शक्तिमान’ची वाट पाहणाऱ्या मुलांना अशी खात्री हवीच होती. परंतु दिलासा आणि उत्कंठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय, तुम्ही नोकरी, शेती, घर सांभाळून रात्री पुस्तक उघडता. हवे ते लीलया मिळवणाऱ्या नायकापेक्षा अडखळत पुढे जाणारा नायक तुमच्या अनुभवाला अधिक जवळचा आहे, आणि मला वाटते, त्याचा दिलासाही अधिक टिकतो.

दुसरा आक्षेप ‘वन-पंच मॅन’ या जपानी चित्रकथेचा आधार घेऊन करता येईल. तिचा नायक सायतामा प्रत्येक शत्रूला एकाच ठोशात संपवतो, तरी ती कथा रंगते. पण तिथे अमर्याद शक्तीतून येणारा कंटाळा हाच विनोदाचा विषय आहे, आणि तो पोहोचेपर्यंत दुबळे सोबती तग धरतील का, इकडे उत्कंठा वळवलेली आहे. म्हणजे अपवाद वाटणारे हे उदाहरणही नियमालाच दुजोरा देते.

दुबळा प्रतिनायक रंगवणे हा वाचकावरील अविश्वासही आहे. दुष्टता मूर्ख असते, सहज हरते, असे शिकवणाऱ्या कथा आपल्याला प्रत्यक्षातील दुष्टता ओळखायला मदत करत नाहीत. ती अनेकदा बुद्धिमान असते, कायद्याच्या भाषेत बोलते आणि तिच्यापाशी स्वतःची कारणे असतात. समर्थ प्रतिनायक निर्माण करणारा लेखक आपल्याला तिच्याकडे नीट पाहायला लावतो.

करून पाहा : तुम्हाला आवडलेल्या एखाद्या अद्भुतकथेतील निर्णायक संघर्षाची दोन पाने निवडा. त्यांतील ‘पण’, ‘तरी’, ‘जर-तर’ आणि ‘-वेना’ ही रूपे अधोरेखित करा. मग प्रतिनायकाच्या बाजूने तीच घटना दहा ओळींत लिहा. त्याला काय हवे आहे आणि ते त्याला का हवे आहे, हे या दहा ओळींत सांगता आले नाही, तर दोष तुमच्या लेखनाचा की मूळ कथेचा, याचा विचार करा.