कुटुंब आणि कायदा : प्रतिपक्षाचा वकील दारी येतो तेव्हा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचा एक अनिष्ट परिणाम असा, की कोर्टाच्या धास्तीने माणसे कोणाचाही सल्ला न घेता समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळी होतात. त्यातून कागद आणणारे गृहस्थ वकील असले, तर विश्वास सहजच बसतो.

समजा, एका हिंदू कुटुंबात वडिलांच्या पश्चात घर व जमीन यांची वाटणी व्हावयाची आहे. भावाने नेमलेले वकील विवाहित बहिणीच्या घरी येतात, आपुलकीने विचारपूस करतात आणि म्हणतात, “ताई, ही केवळ रीत आहे. उद्या नोंदणी कार्यालयात येऊन एक सही करा. वेगळा वकील करून खर्चात कशाला पडता?” तो कागद असतो हक्कसोडपत्राचा. मृत्युपत्र नसल्यास वडिलांच्या स्वार्जित मिळकतीत १९५६ च्या कायद्याने आणि वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. त्या एका सहीने तो जातो.

येथे वकिलांचे कर्तव्य कोणते? बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३४ वा नियम सांगतो, की प्रतिपक्षाने वकील दिला असेल, तर वादविषयासंबंधीची बोलणी त्या वकिलामार्फतच करावी. ज्याने वकील दिलेलाच नाही, त्याच्याविषयी हा नियम मौन आहे. अमेरिकन बार असोसिएशनच्या १९८३ च्या आदर्श नियमांतील ४.३ हा नियम मात्र याविषयी स्पष्ट बोलतो. वकिलाने आपण तटस्थ असल्याचे भासवू नये. समोरच्याचा तसा गैरसमज दिसल्यास तो दूर करावा. आणि दोघांच्या हितसंबंधांत विरोध असल्यास ‘आपण स्वतःचा वकील पाहा’ याखेरीज कोणताही कायदेशीर सल्ला देऊ नये.

याचा अर्थ वकिलाने बोलूच नये असा नाही. नोटीस देणे, आपल्या अशिलाचे म्हणणे कळविणे, तडजोडीचा प्रस्ताव मांडणे, ही त्याची कामेच आहेत. “माझ्या अशिलाची अशी मागणी आहे” हे निवेदन झाले. “सही करण्यातच तुमचे हित आहे” हा सल्ला झाला. एका पक्षाशी निष्ठा बांधलेल्या माणसाने दुसऱ्या पक्षाला सल्ला देणे, मग तो कितीही सद्‌भावाने दिलेला असो, धोक्याचेच. उद्धट वकिलापासून माणूस सावध राहतो. गोड बोलणाऱ्यासमोर तो सावधपणा गळून पडतो.

आपल्याकडेही वकील हा न्यायालयाचा अधिकारी मानला जातो. ३५ व्या नियमाप्रमाणे प्रतिपक्षाला दिलेली वैध वचने, ती लेखी नसली तरी, पाळण्याचा त्याने शिकस्तीने प्रयत्न करावयाचा असतो. गैरवर्तनाबद्दल १९६१ च्या ॲडव्होकेट्‌स ॲक्टच्या ३५ व्या कलमाखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. फसवणुकीने घेतलेली सही रद्द करवून घेण्यासाठी, ती फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. तथापि फसवणूक सिद्ध करण्याचा भार आपल्यावरच असतो. म्हणून आधीची सावधगिरी केव्हाही बरी.

तेव्हा असे कोणी दारी आले, तर आदराने बसवावे आणि पहिला प्रश्न विचारावा, “आपण कोणाचे वकील?” कागदाची प्रत मागून घ्यावी. तोंडी आश्वासने लिहून मागावी. त्याच दिवशी सही करू नये. खर्चाची चिंता असल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका वा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

भावाला वाटा सोडावयाचा की नाही, हा बहिणीचा अधिकार आहे. तिने तो खुशाल सोडावा; पण आपण काय सोडीत आहोत, हे तिला तिच्या बाजूच्या माणसाने आधी समजावून दिलेले असावे.